तीन मतांचं आरायंत्र

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्कूटरची दोन चाकं बहुमताने मंजूर झाली. बाजूने दोन, विरोधात एक. विरोधातलं मत अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते फिटर होते आणि एवढ्या लहान चाकांवर आरायंत्राचं पातं टिकणार नाही, हे ते परोपरीने सांगून थकले होते. हात मोजून झाल्यावर त्यांनी स्वतःच "ठराव मंजूर" असं म्हटलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तीच चाकं बसवायला घेतली.

अशा घरगुती यंत्रांना हल्ली कौतुकाने जुगाड म्हणतात. आपल्या माणसांच्या डोक्याला तोड नाही, असं चहा पिता पिता म्हणतात. मला त्या कौतुकाचा संताप येतो. केसाच्या जाडीइतकी चूक पकडणाऱ्या कारागिरांसमोर कारखान्याचं गेट बंद करायचं, त्यांना भंगारात हात घालायला लावायचं आणि मग त्यांच्या हुशारीला टाळ्या वाजवायच्या! अप्पांनी ते यंत्र हौसेने बनवलं नव्हतं. ते का बनवलं, हे आधी सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला अप्पांचा कारखाना मालकाने बंद केला होता. युनियनने कोर्टात दावा लावला होता. मालकाने त्यावर साधा उपाय शोधला. त्याने छापील कागद तयार केले. 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली सही केली की हिशेब मिळायचा आणि दाव्यातून नाव जायचं. माणसं दम धरून धरून शेवटी सही करून गेली. कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली होती. शेवटी तिघंच उरले. युनियनचे सेक्रेटरी असलेले अप्पा, एक वेल्डर आणि एक टर्नर. मी त्यांना वेल्डरकाका आणि टर्नरकाका म्हणायची. वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, की एक कामगार जरी मागे उभा असेल तरी दावा जिवंत राहील. शेवटचा गेला की फाइल बंद.

तिघांनी आमच्या ओट्यावर बसून दोन ठराव केले होते. पहिला, कुणीही एकट्याने सही करायची नाही, करायची वेळ आलीच तर तिघांनी मिळून. दुसरा, ठेकेदाराच्या हाताखाली कुठेही कामाला लागायचं नाही, कारण ठेकेदारीविरुद्धच तर सगळं भांडण होतं. दोन्ही ठराव एकमताने झाले. मला तेव्हा त्यांचा विलक्षण अभिमान वाटला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना त्यांचीच कव्हरं असायची. 'कामगार बंधूंनो' हे दोन शब्द मी 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी वाचायला शिकले, असं आई सांगायची. कॉलेजात गेल्यावर गेटवर वाटायची पत्रकं मीच लिहायला लागले. सही करून गेलेल्यांना त्यात मी गद्दार म्हणायची. नावं छापायची गरज नसायची. आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळं कळायचं. एखाद्याच्या दारावरून पाण्याला जाताना बायका बोलणं थांबवायच्या, एवढं पुरायचं.

आता प्रश्न होता तो जगायचा. आई हंगामात द्राक्षाच्या पॅकिंगला जायची, पण ती कमाई हंगामापुरतीच. कोर्टाची तारीख लागायची आणि पुढे जायची. यंत्राची कल्पना माझ्या मामाने काढली. त्याची शेती सिन्नरच्या बाजूला. बांधावर निलगिरी उभी, ती कापायला वखारीत न्यायची तर ओंडके तोडा, ट्रॉलीत भरा, वखारवाल्याच्या मर्जीने रांगेत थांबा. तो एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "दाजी, वखार जर बांधावर आली ना, तर आमच्या पट्ट्यात लय काम हाय. टमाट्याच्या खोक्यांना फळ्या लागतात, घराला लागतात, गोठ्याला लागतात. तुम्ही कारखान्यातली माणसं. तुम्हाला काय अवघड?"

अप्पांनी त्याच दिवशी जमिनीवर खडूने आकृती काढली. दोन चाकं, त्यांच्यावर ताणलेलं बंद पट्टीसारखं दातेरी पातं, एक चाक इंजिनाने फिरणार. हे सगळं एका गाड्यावर. गाडा लोखंडी रुळांवर हाताने ढकलायचा, ओंडका मधे जागच्या जागी आवळलेला, आणि पातं त्यातून आडवी फळी काढत जाणार. सगळं सुटं करून पिकअपमध्ये भरता आलं पाहिजे. मामाचं विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन पडून होतं, ते मिळालं. अँगल भंगारातून आले. पातं एका वखारवाल्याने त्याच्या मोठ्या यंत्रावरून उतरवलेलं दिलं. जाड होतं.

आणि त्या पात्यावरूनच चाकांचा वाद झाला.

"जाड पातं लहान चाकावरून दर फेरीला वाकणार आणि सरळ होणार," अप्पा म्हणाले. "लोखंड थकतं रे. मोटारीची चाकं तरी शोधू."

"मोटारीची चाकं लावली तर त्याला वजन किती येईल?" वेल्डरकाकांनी विचारलं. त्यांची स्कूटर तेव्हा दारात नुसतीच उभी असायची, पेट्रोल परवडत नव्हतं. "मग ते उचलायला आधी क्रेन बनवावी लागेल. माझी चाकं आहेत, बेअरिंग आहेत, दोन्ही एकसारखी आहेत. शोधत बसायला आपल्याकडे दिवस कुठे आहेत?"

टर्नरकाका नामपूरचे. बोलायला कमी, आणि बोलले की गावची अहिराणी डोकवायची. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवलं, आस कानाजवळ नेऊन ऐकला. "चाक चांगलं शे," म्हणाले, आणि हात वर केला.

दोनास एक.

आई दारात उभी राहून हे बघत होती. "लोखंडाला विचारलंत का त्याचं मत?" ती म्हणाली.

"सभेत बाहेरच्यांनी बोलायचं नसतं, वहिनी," वेल्डरकाका हसून म्हणाले.

"बाहेरची कशी? शेड माझी, वीज माझ्या घरातली, चहा माझा. आणि हात वर करायचा तुम्ही तिघांनी."

वेल्डरकाका पाना शोधायला वळले. मीही तिची बाजू घेतली नाही, आणि मी त्या वेळी समानतेवर पत्रकं लिहीत होते.

अप्पांना कुणी विचारेल, की तुम्हाला चूक दिसत होती तर तुम्ही ती हाताने का केलीत. मीच विचारलं होतं. ते बेअरिंगला ग्रीस लावत होते. म्हणाले, "मालक एकट्याच्या मनाने चालतो. आपण पण तसंच चालायचं तर मग भांडतोय कशाला?" त्यांनी ती चाकं इतक्या निगुतीने बसवली, की दोन्हींच्या रेषेत दोरा धरला तर तो कुठेही हलत नव्हता. विरोधात मत दिलेलं काम त्यांनी बाजूने मत दिलेल्यांपेक्षा मन लावून केलं. आमच्याकडची माणसं अशी होती. चुकायचं तेही सगळ्यांनी मिळून, रीतसर.

वेल्डिंग सुरू झालं की गल्लीतल्या टीव्हीची चित्रं थरथरायची. शेजारी आधी तक्रार करायला यायचे आणि मग उभे राहून बघत बसायचे. सही करून गेलेले दोघंतिघंही यायचे, पण शेडच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. कुंपणापलीकडून एकाने विचारलं, "चालेल का हे?"

"चालेल की," वेल्डरकाका म्हणाले. "चाललं की तुझी सही परत मागायला जाऊ."

तो माणूस हसला नाही. तसाच निघून गेला.

यंत्र पहिल्यांदा चाललं तेव्हा शेड हादरली. आंब्याचं एक जुनं खोड त्यातून गेलं आणि ओल्या भुशाचा वास घरभर झाला. एक फळी निघाली, दुसरी निम्मी निघाली आणि पातं तुटलं. आत झाकणात जोराचा आवाज झाला. अप्पांनी चाकांवर आणि पात्यावर जाड पत्र्याची झाकणं बसवली होती, तुटलेलं पातं त्यातच अडकलं. वेल्डरकाकांनी पितळेची झाळ देऊन ते जोडलं. दुसऱ्या दिवशी झाळेपासून वीतभर अंतरावर तुटलं. मग तिसरीकडे. अप्पांनी पातं उन्हात धरून मला दाखवलं. प्रत्येक दाताच्या मुळाशी केसासारखा तडा होता. "थकलंय," ते म्हणाले. चाकांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ठराव झाला की त्यावर पुन्हा बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त होती. मला मात्र तेव्हा वाटलं की त्यांनी ओरडावं, पातं भिंतीवर फेकावं. काहीतरी करावं.

घरात तेव्हा आमटी पातळ होत चालली होती. वेल्डरकाकांची बायको आईकडे यायची आणि काही न मागता बसून जायची. आईला कळायचं. ती पिठाचा डबा उघडायची. अशा दिवसांत माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, डब्याकडे बघतात.

तिघांनी वेल्डरकाकांच्या ओळखीने पातळ पातं मिळवलं. नवं होतं. शेडमध्ये त्याने निलगिरीचा एक ओंडका शेवटपर्यंत कापला. फळी सरळ, बाजू गुळगुळीत. त्या दिवशी टर्नरकाकांनी ती फळी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवला, आणि मला त्यांच्याकडे बघवलं नाही. ठरलं, की आता मामाच्या शेतावर सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. मी पत्रक लिहिलं. 'कामगारांनी बनवलेली फिरती वखार आपल्या बांधावर' असा मथळा होता. मामाने ते बाजाराच्या दिवशी वाटलं.

माणसं चांगलीच जमली. टोप्या, मोटारसायकली, कडेवर पोरं. ओंडका रुळांमध्ये आवळला, इंजिनाला हँडल मारलं, पातं फिरायला लागलं. पण बघणाऱ्यांना दिसत होती फक्त पत्र्याची एक पेटी, तिच्यातून येणारा आवाज आणि भुसा.

"आत काय हाय ते तरी दिसू द्या," एकजण म्हणाला. "नायतर कोंबडी झाकून अंडं दाखवल्यासारखं झालं."

सगळे हसले. मामाही हसला. तिघं यंत्राच्या आडोशाला गेले. मी तिथेच होते. वेल्डरकाका म्हणाले, "वरचं झाकण काढू. एक ओंडका होईपर्यंत. लोकांना बघू दे काय बनवलंय ते." टर्नरकाकांनी मान डोलावली. दोघांनी अप्पांकडे बघितलं.

अप्पांनी त्या वेळी हात वर केला. कुणी आग्रह केला नव्हता. त्यांना ती चाकं दाखवायची होती. त्यांना चुकीची वाटणारी, पण त्यांच्याच हाताने दोऱ्यासारख्या रेषेत बसलेली चाकं. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर जे बनवलं ते दुसऱ्याच्या नावाने खोक्यात बंद होऊन गेलं होतं. एकमताने झाकण निघालं.

वेल्डरकाका गाडा ढकलत होते. ओंडक्याच्या मध्यावर गाठ होती. इंजिनाचा आवाज खोल गेला, पातं थरथरलं आणि तुटलं. ते चाकावरून सुटून बाहेर फेकलं गेलं आणि वेल्डरकाकांच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली बसलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा धरला आणि खाली बसले. मामाने इंजिन बंद केलं. कुणीतरी टोपी फाडून हात बांधला. पिकअपमध्ये यंत्र न्यायचं होतं, त्याऐवजी त्यांना नेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी नस आणि स्नायू जोडले, पण बोटं पूर्वीसारखी मिटतील असं सांगता येणार नाही म्हणाले. वेल्डरच्या बोटांविषयी ते बोलत होते.

काही दिवसांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर सभा झाली. सभाच म्हणते, कारण ते तिला सभाच म्हणाले. वेल्डरकाकांचा हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको आत पिशवी भरत होती. हाताचं दुसरं ऑपरेशन करायचं तर बाहेर खासगीत करावं लागणार होतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे काहीही उरलं नव्हतं. कारखान्यातला हिशेब सोडून.

"मला सही करावी लागेल," ते म्हणाले. अप्पांकडे बघून नाही, फरशीकडे बघून.

"कर," अप्पा म्हणाले.

"ठराव मोडतो माझ्यामुळे. मी मोडला असं लिहा. पण तुम्ही दोघं थांबा. दावा राहू द्या. वकील म्हणाले ना, एक जरी उरला तरी चालतं."

मला वाटलं, हेच बरोबर आहे. जखमी माणसाने जावं, उरलेल्यांनी उभं राहावं. मी तसं बोललेही. "काका जाऊ देत, अप्पा. तुम्ही दोघं थांबा. याला कुणी गद्दारी म्हणणार नाही."

"कोण नाही म्हणणार?" अप्पांनी मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "गल्लीत याची बायको पाण्याला जाईल तेव्हा कोण नाही म्हणणार?"

"मी पत्रकात लिहीन, की त्यांचा हात..."

"पत्रक सगळे वाचतील, आणि शेवटी लक्षात एवढंच ठेवतील की हा एकटा गेला."

टर्नरकाका बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीची भेग चाचपत होते. मग म्हणाले, "मी याच्यासंगे जातो." आणि अप्पांकडे बघितलं. "तू काय ते ठरव, भाऊ. यावर मत घेऊ नको. ज्याचं त्यानं ठरवायचं."

आयुष्यात पहिल्यांदा अप्पांसमोर अशी गोष्ट होती जिच्यावर मतदान नव्हतं. ते थांबू शकले असते. एकटे उरले असते तरी दावा जिवंत होता. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, थांबा, थांबा. आई आणि वेल्डरकाकांची बायको आतून बाहेर आल्या होत्या. आईने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"उद्या तिघं जाऊ," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याशी भांडले. बाकावर, जिन्यात, रिक्षा मिळेपर्यंत रस्त्यावर. तुम्ही दावा मारताय, असं मी म्हणाले. जे सही करून गेले त्यांच्यासाठी पण तो दावा होता, असंही म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. एकदाच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्याने माझा राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. कारखान्याच्या ऑफिसात पंखा चालू होता. बाहेरच्या शेड्समध्ये यंत्रं झाकून ठेवलेली होती. क्लार्क ओळखीचा, पण ओळख दाखवत नव्हता. त्याने तीन छापील कागद पुढे ठेवले आणि पेन वेल्डरकाकांकडे सरकवलं. मग त्याला हात दिसला. त्याने गडबडीने ड्रॉवर उघडून शाईची डबी काढली.

"डावा अंगठा चालेल," तो म्हणाला.

वेल्डरकाका शाळेत शिकलेले होते. त्यांचं अक्षर अप्पांपेक्षा वळणदार होतं. गेटवरच्या फलकावर मागण्या तेच लिहायचे. त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि 'स्वखुशीने' या शब्दाखालच्या चौकोनात टेकवला. अंगठा नीट उमटला नाही, म्हणून क्लार्कने तो धरून पुन्हा टेकवला.

मग पेन अप्पांकडे आलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि शाईची डबी ओढली.

"तुम्हाला सही येते ना, सेक्रेटरी?" क्लार्क म्हणाला.

"आज नाही येत."

त्यांनी अंगठा लावला. टर्नरकाकांनीही डबीच पुढे घेतली. क्लार्कने एकदा साहेबांच्या दाराकडे बघितलं. शेवटी त्याने तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि टाचणी मारली. दावा तिथे संपला. बाकी काही झालं नाही. पंखा फिरत होता.

गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आधी सही करून गेलेले काहीजण बसलेले होते. त्यांना बातमी लागली होती. त्यांना शेवटची माणसं कशी बाहेर येतात ते बघायचं होतं. आम्ही येताना दिसलो तसे ते उठून उभे राहिले. का, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

"पहिली सही कोणी केली?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं. तोच, जो शेडच्या कुंपणापलीकडून बोलला होता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तिघांनी एकदम," अप्पा म्हणाले.

"एकदम कशी होईल? पेन एकच असतं तिथे."

"पेन लागलंच नाही," अप्पा म्हणाले, आणि निळा अंगठा त्याच्यासमोर धरला. टर्नरकाकांनी धरला. वेल्डरकाकांनी डावा हात वर केला. त्या माणसाने तिन्ही अंगठे नीट बघितले. मग खिशातून हातरुमाल काढून वेल्डरकाकांना दिला. शाई निघत नव्हती.

अप्पांनी घड्याळ बघितलं. दवाखान्यात ड्रेसिंगची वेळ टळत आली होती, आणि उशीर झाला तर केसपेपरची खिडकी बंद होणार होती. आम्ही नाक्याकडे चालायला लागलो. मी त्यांच्यापासून थोडी मागे राहिले. मला त्यांच्याबरोबर चालायचं नव्हतं, आणि मागेही पडायचं नव्हतं.